चाकाच्या तुंब्यांतील इतिहास

चाकाच्या शोधाचें कौतुक आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों; पण चाक आणि कणा यांच्यामधल्या बोटभर जागेचा इतिहास फारसा कोणी सांगत नाहीं. प्रवाशाचा जीव मात्र त्याच जागेवर अवलंबून असतो. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या म्हणजे झीज ही होणारच. ती कोणत्या भागानें सोसावी, एवढेंच माणसाच्या हातीं उरतें. आणि या प्रश्नाचीं निरनिराळीं उत्तरें म्हणजेच बेअरिंगचा इतिहास होय.

आपल्या बैलगाडीचें उत्तर साधें होतें. लाकडी तुंब्यांत लोखंडी नळी ठोकावयाची, कण्याला वंगण द्यावयाचें आणि नळी झिजली कीं दुसरी बसवावयाची. वंगणाचा विसर पडला तर चाकच कुरकुरून आठवण देई.

घासण्याऐवजीं लोळविलें तर श्रम वांचतात, हेंहि माणसाला फार पूर्वीं उमगलें होतें. इटलींतील नेमी सरोवराच्या तळाशीं सम्राट कॅलिगुलाच्या काळचीं, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकांतलीं, दोन प्रचंड जहाजें बुडालेलीं होतीं. १९२९ ते १९३२ या काळांत सरोवराचें पाणी उपसून तीं उघडीं केलीं, तेव्हां एका फिरत्या चौथऱ्याचे काशाचे गोळे तेथें सांपडले. पुढें १७९४ सालीं वेल्समधील कार्मार्दनचे फिलिप व्हॉन यांनीं गाडीच्या कण्याभोंवतीं गोळ्या बसविण्याचें पेटंट घेतलें.

कल्पना होती, पण गोळ्या एकसारख्या होत नव्हत्या. आणि एखादी गोळी केसभर मोठी झाली कीं सगळा भार तिच्यावरच पडे. ही अडचण सायकलीच्या काळांत सुटली. १८६९ सालीं पॅरिसच्या ज्यूल स्युरिरे यांनीं सायकलीच्या चाकासाठीं बेअरिंगचें पेटंट घेतलें. १८८३ सालीं जर्मनींतील श्वाइनफुर्ट येथें फ्रीड्रिख फिशर यांनीं पोलादी गोळ्या हुबेहूब सारख्या घासून काढणारें यंत्र तयार केलें.

तरी गाडीचा प्रश्न अर्धाच सुटला होता. सरळ रस्त्यावर चाकावर वरून भार येतो. वळणावर बाजूनेंहि रेटा बसतो. अमेरिकेंतील सेंट लुइसचे घोडागाड्यांचे कारखानदार हेन्री टिमकेन यांनीं १८९८ सालीं यावर तोड काढली. त्यांनीं निमुळते रूळ तिरपे बसविले, त्यामुळें दोन्ही भार एकाच बेअरिंगनें पेलले. शिवाय हें बेअरिंग दोन भागांत सुटें होतें: आंतला रुळांसहित कोन आणि बाहेरची वाटी. त्यामुळें तें उघडावें, ग्रीस भरावें, नट फिरवून ढिलाई बेताची करावी, असें साध्या हत्यारांनीं घरींहि करतां येऊं लागलें.

या चिमुकल्या वस्तूचें मोल महायुद्धानें दाखविलें. जर्मनीच्या बेअरिंगांचा मोठा हिस्सा फिशरच्याच श्वाइनफुर्ट गांवीं होत असे, म्हणून अमेरिकन विमानांनीं त्या गांवावर हल्ले केले. १४ ऑक्टोबर १९४३ च्या हल्ल्यांत निघालेल्या २९१ बाँबफेकी विमानांपैकीं ६० परत आलीं नाहींत. आपल्या देशांत १९४६ सालीं जयपूर येथें बेअरिंगचा कारखाना स्थापन झाला; पुण्याजवळ चिंचवडला १९६० नंतरच्या दशकांत हा उद्योग आला.

आतां घरच्या जुन्या मोटारीकडे वळूं. इंजिन जिचीं मागलीं चाकें फिरवितें, अशा बऱ्याच जुन्या गाड्यांच्या पुढच्या प्रत्येक चाकांत टिमकेनच्या पद्धतीचीं दोन बेअरिंगें असतात. वेगाबरोबर वाढणारी घरघर ऐकूं आली, किंवा उचललेलें चाक वरखालीं धरून हलवितांना खडखडलें, तर तपासणी करावी. गाडी केवळ जॅकवर सोडूं नये. खालीं भक्कम टेकू द्यावा. टोपी, स्प्लिट पिन, नट व वॉशर काढले कीं बाहेरचें बेअरिंग हातांत येतें. मग हब ओढून घ्यावा व ऑइल सील काढून आंतलें बेअरिंग काढावें. जुन्या वाट्या पितळी गजानें चहूंकडून थोडथोड्या ठोकून काढाव्या. जुन्या वाटींत नवा कोन कधींहि बसवूं नये. दोघांची जोडी असते. नवें ग्रीस रुळांच्या फटींत दाबून भरावें, सील नवें घालावें, चाक फिरवीत नट आवळावा व पुन्हां सैल करावा. राहावयाची ढिलाई इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. तिचा आंकडा त्या गाडीच्या पुस्तिकेंतून घ्यावा. फार आवळलेलें बेअरिंग तापून जळतें, फार सैल राहिलेलें लवकर फुटतें. स्प्लिट पिन मात्र दर वेळीं नवी.

अलीकडच्या पुष्कळ मोटारींत बेअरिंग बंद डब्यासारखें असतें. तें झिजलें कीं सबंध बदलावयाचें, आंत पाहावयाचें नाहीं. त्यांत सोय आहे व आयुष्यहि दीर्घ आहे. पण झिजेचें कारण कळण्याची संधि त्यांत गेली.

म्हणून जुनी वाटी लगेच भंगारांत टाकूं नये. पुसून उजेडांत धरावी. निळसर झांक दिसली तर ती तापली होती: ग्रीस आटलें होतें किंवा नट फार आवळला होता. तांबेरा दिसला तर सीलमधून पाणी शिरलें होतें. पृष्ठभाग सोलून खळगे पडले असतील तर पोलाद थकलें होतें. वाटीनें आपलें आयुष्य पुरें केलें. पहिल्या दोहोंचा दोष मात्र आपल्या देखभालीचा. तो सुधारल्यावांचून बसविलेलें नवें बेअरिंगहि त्याच वाटेनें जाईल.