रंजले कोण, गांजले कोण?

मंडळी, वर्गणीच्या पावतीपासून शोकसभेच्या भाषणापर्यंत आपण 'रंजले-गांजले' हा शब्द सर्रास वापरतो. अर्थ विचारला तर उत्तर येतं, गोरगरीब. शब्द तुकोबांच्या अभंगातून घराघरात आला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मला तो खरा उलगडला लहरीपुऱ्याच्या बाजारात, गुजरातीतून!

मराठीत 'रंजन' म्हणजे करमणूक, म्हणून 'रंजले' ऐकून हल्लीची मुलं गोंधळतात. फारसीत 'रंज' म्हणजे दुःख, त्रास. तुकोबांच्या काळच्या मराठीत फारसी शब्दांची रेलचेल होती, तेव्हा हा रंज तोच असावा असं मला वाटतं. आपल्याकडच्या गुजराती पेपरात 'दीपडानी रंजाड' असा मथळा दिसतो, म्हणजे बिबट्यानं गाव हैराण केलंय. आणि गांजणं? एखाद्या खमक्या माणसाबद्दल दुकानदार म्हणतो, 'कोईथी गांज्यो जाय तेवो नथी.' कुणाच्या दडपणाला बधणारा नाही. आपल्या जुन्या बायका 'सासूनं गांजलं' म्हणायच्याच की. दुःख दैवानंही येतं, पण गांजायला कुणीतरी गांजणारा लागतो. 'गोरगरीब' म्हटलं की तो माणूस गायब होतो.

तुकोबांनी दुःख जवळून पाहिलं होतं. 1630 ते 1632 च्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. घरच्या सावकारीची आपल्या वाट्याची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. म्हणजे कर्जदारांना गांजण्याचा आपला हक्कच त्यांनी सोडला. तोच दुष्काळ गुजरातवरही कोसळला होता. संवत 1687 वरून इथे त्याला 'सत्याशियो' म्हणतात. देहू आणि गुजरात एकाच वेळी उपाशी होते.

पुढच्या शतकात गायकवाडांच्या फौजेबरोबर आपले पूर्वज इथे आले. आपल्या आठवणींत घोडे, सरंजाम, वाडे येतात, मुलूखगिरी मात्र फारशी येत नाही. फौज घेऊन काठियावाडात शिरायचं आणि खंडणी घेऊन परतायचं, हा तेव्हाचा रिवाज. 1807 साली कर्नल वॉकरनं खंडणीचे आकडे ठरवून दिले, तेव्हा तो थांबला. त्या फौजेत संध्याकाळी तुकोबांचे अभंग म्हणणारेही असतीलच. सकाळी ज्याच्या दारात घोडी उभी राहिली, तो काठियावाडी शेतकरी गांजलेलाच होता, आणि गांजणारे आपण. हे लिहायला जड जातं, पण शब्दाचा अर्थ लावायचा तर पुरता लावावा.

लहरीपुरा दरवाज्याबाहेर सयाजीराव महाराजांच्या काळात, 1896 साली, न्यायमंदिर उभं राहिलं. पुढे कित्येक दशकं गांजलेली माणसं तिथल्या पायऱ्या चढली. कोर्ट आता दिवाळीपुऱ्याला गेलंय.

त्याच अभंगात तुकोबा आणखी एक मागणी करतात, ती आपण सहसा विसरतो. पोटच्या पोरावर जी माया, तीच घरच्या नोकरचाकरांवर हवी. आपल्या वाड्यांत पाणी भरणारे, भांडी घासणाऱ्या, टांगा हाकणारे किती होते! वंशावळीत त्यांच्यापैकी कुणी नाही, ग्रुप फोटोतही क्वचितच. तुमच्या वाड्यात कोण होतं, कुठल्या गावाहून आलं होतं, त्यांना घरात काय वागणूक मिळायची? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.