गोल्फ स्टिकचा निर्मितीखर्च

डोके, दांडा व मूठ या तीन भागांपैकी सर्वाधिक खर्च डोक्यावर होतो. पोलादी डोके बहुधा मेणाच्या नमुन्यावरून ओततात: नमुन्यावर सिरॅमिकचे थर चढवून मेण वितळवतात आणि त्या पोकळीत रस ओततात. पुढचे घासकाम, वजन जुळवणे, पॉलिश ही कसबी हातांची कामे. घडीव डोक्यात ती वाढतात. टायटॅनियम निर्वातात किंवा निष्क्रिय वायूत ओतावे लागते, म्हणून टायटॅनियमच्या डोक्याचा ड्रायव्हर (लांब फटक्याची स्टिक) महाग. मात्र निव्वळ धातूच्या भावावरून स्टिकची किंमत ताडणे चूक आहे. संशोधन, साचे, जाहिरात यांचा बोजाही तीत असतो. नियमानुसार एका फेरीत कमाल 14 स्टिक नेता येतात.