पाणी अडवणारा पूल

इस्फहानच्या खाजू पुलाचे फोटो आपण पाहतो ते त्याच्या कमानींचे आणि मधोमध उभ्या असलेल्या अष्टकोनी महालाचे. पण त्याची खरी करामत खाली, पाण्यालगत आहे. दगडी खांबांच्या मधल्या गाळ्यांना लाकडी फळ्यांची दारं होती. ती बंद केली की झायंदेरूद नदी अडायची, वरच्या अंगाला पाणी तुंबायचं आणि काठावरच्या बागा भिजायच्या. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे घालताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना यापुढे काही समजावून सांगायला नको.

शाह अब्बास दुसरा याने हा पूल १६५० च्या सुमारास बांधला. कल्पना मात्र त्याची नव्हे. पूल आणि बंधारा एकाच बांधकामात साधण्याचं हे कूळ इराणात फार मागे, तिसऱ्या शतकापर्यंत जातं. इ.स. २६० मध्ये सासानी राजा पहिला शापूर याने रोमन सम्राट व्हॅलेरियनला कैद केलं. त्याच्याबरोबर हाती लागलेल्या रोमन सैनिकांकडून शापूरने शूश्तरजवळ कारून नदीवर बंधारा बांधून घेतला, अशी परंपरा आहे. म्हणूनच त्याला बंद-ए-कैसर, म्हणजे कैसराचा बंधारा म्हणतात. त्याच्या माथ्यावरून रस्ता जात होता, आणि अडवलेलं पाणी कालव्यांतून शेतांकडे. रोमनांचा दगडी पूल आणि इराणची पाणी वळवण्याची विद्या इथे एकत्र आल्या.

इस्फहानला पहिल्या शाह अब्बासने १५९८ मध्ये राजधानी हलवली. त्याचा सेनापती अल्लाहवर्दी खान, मूळचा जॉर्जियाचा. त्याच्या देखरेखीखाली तेहतीस कमानींचा, जवळजवळ तीनशे मीटर लांबीचा पूल १६०२ मध्ये उभा राहिला. पुढे पलीकडच्या काठावर शाहने आर्मेनियन व्यापाऱ्यांची नवी जुल्फा वसाहत वसवली आणि पुलावरची वर्दळ वाढली. हा पूल भव्य आहे, पण मला त्याहून खाजू श्रेष्ठ वाटतो. तो माणसांना नदी ओलांडून देतोच, शिवाय नदीकाठी थांबवूनही घेतो. प्रवाहाच्या खालच्या बाजूला दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. तिथे संध्याकाळी इस्फहानकर बसतात, आणि कमानींखाली आवाज छान घुमतो म्हणून कुणीतरी गाऊ लागतं.

आता अडवायला पाणीच नसतं. झायंदेरूद झाग्रोस पर्वतात उगम पावते. डोंगर फोडून कारूनचं पाणी तिच्यात आणायचा पहिल्या शाह अब्बासचा प्रयत्न अर्धवट राहिला होता. कूहरंगचा पहिला बोगदा १९५३ मध्ये झाला आणि ते साधलं. पण आलेल्या पाण्यापेक्षा मागणी वेगाने वाढली. वरच्या भागातली शेती, पोलादाचे कारखाने, वाळवंटातल्या यझ्द शहराकडे गेलेली जलवाहिनी, आणि त्यात दुष्काळ. गेल्या दोन दशकांत शहरातलं पात्र वर्षातले कित्येक महिने कोरडं असतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये हक्काच्या पाण्यासाठी शेतकऱ्यांनी खाजूजवळच्या त्या कोरड्या पात्रातच तंबू ठोकले.

खाजूच्या दगडांची डागडुजी होत राहील, ती व्हायलाही हवी. पण हा पूल पाण्यासाठी बांधला आहे. वरचा उपसा आवरून नदी वाहती केल्याशिवाय तो वाचवला असं म्हणता येणार नाही.