टकळीची चकती पितळेची का?

१/९
अमरावतीच्या राजापेठेतून बडनेऱ्याकडे गेले की मुंबई–नागपूर लोहमार्ग लागतो. वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून याच मार्गाने मुंबईस जात असे. त्याच मार्गावर पूर्वेला वर्धा आहे. कापसाच्या साध्या अवजारांतून मुलांना गणित व विज्ञान शिकवता येईल काय, या प्रश्नावर १९३७ साली तेथे देशभरचे शिक्षणतज्ज्ञ एकत्र आले.

२/९
हा प्रश्न वाटतो तितका विचित्र नव्हता. सरकी वेगळी करणाऱ्या हातचरकीत दोन लाटा परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात आणि एकीची गती दुसरीस मळसूत्री दात्यांनी मिळते. चरखा म्हणजे तर चाक आणि आस. शाळेच्या पुस्तकात चित्ररूपाने भेटणारी साधी यंत्रे कापूस पिकवणाऱ्या मुलुखात घराघरांत नांदत होती.

३/९
२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी महात्मा गांधी होते. अभ्यासक्रम आखण्याचे काम डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीकडे सोपवण्यात आले. ७ ते १४ वयाच्या मुलांसाठी सात वर्षांचे, मातृभाषेतील आणि हस्तोद्योगाभोवती गुंफलेले शिक्षण, असे या योजनेचे स्वरूप होते. पुढे ती ‘नई तालीम’ म्हणून ओळखली गेली. वऱ्हाड तेव्हा ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या प्रांतात होता आणि वर्धाही त्याच प्रांतात.

४/९
केवळ सूत निघाले म्हणजे शिक्षण झाले, असे गांधींना अभिप्रेत नव्हते. टकळीची चकती पितळेची आणि काडी पोलादाची का? चकतीचा व्यास अमुकच का? कातणाऱ्या मुलाने हे प्रश्न स्वतःला विचारावेत, अशी त्यांची अपेक्षा होती.

५/९
उत्तर हातातच सापडते. काडी बारीक असल्याने बोटांच्या एका झटक्यात ती अनेक फेरे घेते. चकतीचे वजन आसापासून दूर असल्याने मिळालेली गती लवकर ओसरत नाही आणि धाग्याला पीळ बसत राहतो. चकती फार हलकी घेतली तर टकळी लगेच थांबते. फार जड घेतली तर कच्चा धागा तुटतो. दोन-तीन चकत्या बदलून पाहिल्या की हा नियम मुलाला स्वतःच उमगतो.

६/९
चरख्याचा धडा प्रमाणाचा. चाकाचा व्यास ५० सेंटिमीटर आणि चात्यावर माळ बसते तेथील व्यास १ सेंटिमीटर मानला, तर चाकाच्या एका फेऱ्यात चाते सुमारे ५० फेरे घेते. चात्यावर शाईची खूण करून चाक सावकाश फिरवले की हे मोजता येते. मात्र वेग वाढतो त्या प्रमाणात जोर घटतो. यंत्र फुकट काहीच देत नाही. दोन चाकांच्या पेटीचरख्यात हीच प्रमाणे एकमेकांना गुणली जातात.

७/९
मग अडले कुठे? समितीच्या वेळापत्रकात शाळेचा दिवस साडेपाच तासांचा होता. त्यातील ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला, तर समाजशास्त्र व सामान्य विज्ञान या दोहोंना मिळून अवघी ३० मिनिटे. चकतीचा ‘का’ सुटायचा तो कातताकातताच, आणि तोही शिक्षकाने विचारला तरच.

८/९
त्यातच मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा, ही अपेक्षा. आर्थिक बाजूवर भर पडून शैक्षणिक हेतूचा बळी जाण्याचा धोका आहे, असा इशारा खुद्द झाकीर हुसेन समितीनेच आपल्या अहवालात दिला होता. सुताचे तार मोजता येत होते. मुलाच्या मनात उठलेले प्रश्न मोजण्याचे माप मात्र कोणाकडे नव्हते. जे मोजता येते, तेच शाळेत टिकते.

९/९
१९६४–६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचवला. महाराष्ट्रातील पिढ्यांना तो वेळापत्रकातील एक तास म्हणून ठाऊक आहे. वर्ध्याची कल्पना फसली असे म्हणणे सोपे आहे. परंतु तिचे दोन भाग होते, हाताला काम आणि कामाला ‘का’. पहिला भाग अनेक शाळांनी उचलला. दुसऱ्यासाठी पैसा किंवा प्रयोगशाळा लागत नव्हती. लागत होता तो कातणे क्षणभर थांबवून प्रश्न ऐकून घेणारा शिक्षक.