उत्तराचं बटण आणि त्यानंतरची दोन मिनिटं

ऑनलाइन क्विझ घेतली की वर्ग जागा होतो, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. पडद्यावर प्रश्न, हातात मोबाइल, चार रंगांचे पर्याय आणि उलटं मोजणारं घड्याळ. पण जागा झालेला वर्ग विचारही करतोय का? माझ्या संशोधनात हा प्रश्न सारखा आडवा येतो. त्यासाठी थोडं मागं जावं लागतं, कारण बटण दाबून उत्तर देण्याची कल्पना मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे.

1920च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात सिडनी प्रेसी या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटं यंत्र बनवलं. खिडकीत प्रश्न दिसायचा, चार कळा असायच्या. यंत्र शिकवण्यासाठी लावलं, की बरोबर कळ दाबेपर्यंत पुढचा प्रश्न यायचाच नाही. 1960 मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ सुरू केलं आणि हेच काम संगणकाकडे गेलं. दोन्हीकडे सुरुवातीची मांडणी एकच : एक विद्यार्थी, समोर एक यंत्र. शेजारच्या बाकावरच्या मुलाला त्यात काही काम नव्हतं.

हे काम दिलं हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी. त्यांची व्याख्यानं विद्यार्थ्यांना आवडत, परीक्षेतली अवघड गणितंही मुलं सोडवत. पण बल आणि गतीबद्दलचे साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न विचारले तेव्हा बरीच मुलं अडखळली. एका विद्यार्थिनीने तर विचारलं, की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू, की मी एरवी विचार करते तसं? मझूर यांनी हा किस्सा पुढे अनेकदा सांगितला आहे.

मग 1991च्या सुमारास त्यांनी तासाची रचनाच बदलली. थोडं शिकवायचं, एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने विचार करून पर्याय निवडायचा. साधारण 30 ते 70 टक्के उत्तरं बरोबर आली, तर शिक्षकाने उत्तर सांगायचं नाही! मुलांनी शेजाऱ्याशी वाद घालायचा, आपलं म्हणणं पटवायचं आणि पुन्हा मत द्यायचं. नुकतंच समजलेल्या मुलाला आपण कुठे अडखळलो होतो ते ताजं आठवत असतं, म्हणून तो शेजाऱ्याला बरेचदा सरांपेक्षा नेमकं सांगू शकतो. सुरुवातीला ही मतं हात वर करून किंवा कार्ड दाखवून घेतली जात. इलेक्ट्रॉनिक यंत्रं नंतर आली.

मग यंत्राने किती फरक पडला? मॉन्ट्रिअलच्या एका कॉलेजात नॅथॅनियल लॅस्री यांनी दोन वर्गांना याच पद्धतीने शिकवून तुलना केली. एका वर्गाला यंत्रं, दुसऱ्याला कागदी कार्डं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की शिकण्यात लक्षणीय फरक नाही. यंत्राची सोय शिक्षकाला होते : मोजणी झटपट आणि नेमकी होते, नोंदही राहते.

आता आजच्या क्विझकडे बघा. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठात 2006 पासून चाललेल्या एका प्रकल्पातून 2013 मध्ये ‘कहूट’ आलं. त्याने एक मोठी गोष्ट केली. हात वर करायला लाजणारी, मागच्या बाकावरची मुलगीही टोपणनाव घेऊन उत्तर देऊ लागली. पण त्याच्या मूळ गुणपद्धतीत लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. साहजिकच घाई होते, गुणफलक झळकतो, पुढचा प्रश्न येतो. मझूर यांच्या तासात जिथे वाद सुरू व्हायचा, नेमकी तीच जागा उडून जाते.

ती परत आणायला नवं ॲप लागत नाही. घड्याळ सैल करायचं, पहिल्या मतदानानंतर उत्तर झाकून ठेवायचं, दोन मिनिटं बोलू द्यायचं, तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. मुलांकडे फोन नसतील तर ‘प्लिकर्स’सारखं साधन आहे. प्रत्येकाला एक छापील कार्ड, ते ज्या बाजूने धरलं तो पर्याय, आणि शिक्षकाचा एकच फोन सगळी कार्डं वाचतो. शाळेने टॅबलेट घ्यायचं ठरवलं, तर किती हवेत हा प्रश्न विचारतातच. त्यासोबत हेही विचारायला हवं, की वेळापत्रकात त्या दोन मिनिटांना जागा आहे का?