वस्तरा, हशा आणि आपण : राम नगरकरांच्या ‘रामनगरी’कडे आंबेडकरी नजरेतून पाहताना



जळगावात भीमजयंतीच्या तयारीच्या एका बैठकीत एका कार्यकर्त्याने मोबाईलवर स्टँडअप कॉमेडीची क्लिप लावली. माईकसमोर एकटा उभा असलेला तरुण आरक्षणावर विनोद करत होता आणि समोरचे लोक टाळ्या पिटत होते. आमची पोरे चिडली. ‘बंदी घाला’पासून ‘गुन्हा दाखल करा’पर्यंत सगळे बोलून झाले. मग एका मुलीने प्रश्न विचारला, “खालच्या मानलेल्या जातीतला माणूस एकटा स्टेजवर उभा राहून आपल्याच जातीविषयी बोलतोय आणि लोकांना हसवतोय, असं महाराष्ट्रात कधी झालंय का?”

झाले आहे. त्या माणसाचे नाव राम नगरकर. बैठकीतल्या बहुतेकांनी ते ऐकलेले नव्हते, म्हणून हा लेख.

राम नगरकर न्हावी समाजात जन्मले. धोकटी, वस्तरा आणि कात्री ही त्यांच्या घरची हत्यारे. गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांपैकी हे एक घर. ते घडले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात. पुढे वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडकेंच्या बरोबरीने ते महाराष्ट्रभर गाजले. सत्तरच्या दशकात त्यांनी ‘रामनगरी’ हे विनोदी आत्मकथन लिहिले. मग तेच घेऊन ते रंगमंचावर एकटे उभे राहिले आणि ‘रामनगरी’चा एकपात्री प्रयोग गावोगाव केला. 1982 साली कांतिलाल राठोड यांनी त्यावर त्याच नावाचा हिंदी चित्रपट काढला. कलापथक, लोकनाट्य, पुस्तक, एकपात्री प्रयोग आणि सिनेमा अशी पाच माध्यमांतून फिरलेली ही एका न्हाव्याच्या पोराची गोष्ट आहे. आजच्या भाषेत याला मल्टिमीडिया करिअर म्हणतात. ‘स्टँडअप’ हा शब्द मराठी माणसाच्या कानावर पडण्याच्या कितीतरी आधीचे हे सगळे आहे.

या गोष्टीचे एक टोक आपल्या खानदेशात आहे. सेवा दलाची स्थापना 1941 ची. त्यावर ज्यांची सर्वांत गडद छाप आहे ते साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत मास्तर होते. मे 1947 मध्ये त्यांनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. याकडे आपण डोळे उघडे ठेवून पाहायला हवे. बाबासाहेबांनी 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली होती. काळारामाच्या दारात पाच वर्षे खर्च करून आपला समाज पुढे निघून गेला होता. देवळाचे दार उघडण्यात आता आपल्याला रस उरला नव्हता. पण सेवा दलात जी तरुण पोरे जमली त्यांत माळी, न्हावी, शिंपी अशा बहुजन जातींची पोरेही होती आणि त्यांना तिथे पहिल्यांदा स्टेज मिळाले, हेही खरे. निळू फुले आणि राम नगरकर तिथूनच आले. देवळाने जे दिले नाही ते कलापथकाने दिले.

आता मुद्द्यावर येऊ. ‘रामनगरी’त नगरकरांनी केले काय? त्यांनी जात लपवली नाही. पुण्या-मुंबईत आलेला बहुजन माणूस सर्वांत आधी आडनावाचा बंदोबस्त करतो. धंदा विचारला तर विषय बदलतो. नगरकरांनी ‘मी न्हावी’ हे पहिल्यांदा सांगितले आणि त्यातून होणारी फजिती, लाज, घरची ओढाताण सगळ्यांसमोर मांडली. ‘बलुतं’ 1978 साली आले आणि ‘उपरा’ 1980 साली. दया पवार आणि लक्ष्मण माने आपले जगणे उघडे करून मराठी वाचकाची झोप उडवत होते. त्याच काळात हा न्हावी तेच काम हसवत हसवत करत होता. ज्या शब्दाने लोक टोमणा मारतात तो शब्द आपणच आधी उच्चारला की टोमणा मारणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. ही युक्ती आज जगभरचे कॉमेडियन वापरतात.

इथवर आमच्या बैठकीतले सगळे खूश होते. तेवढ्यात धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेले आमचे एक बाबा बोलले, “तुमच्या त्या न्हाव्याचं दुःख मोठं असेल रे पोरांनो. पण आमच्या गावचा न्हावी आमच्या डोक्याला हात लावत नव्हता. आमचे केस आमची मायच कापायची. तो म्हशी भादरायचा, पण आम्हाला म्हणायचा, वस्तरा बाटतो.”

सभा गप्प झाली. त्या बाबांचे म्हणणे टाळून राम नगरकरांवर लिहिणे हा अप्रामाणिकपणा ठरेल.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत हेच नोंदवले आहे. साताऱ्यात न्हावी भरपूर होते, यांच्याकडे पैसेही होते, पण एकही न्हावी केस कापायला तयार नव्हता. भावंडांचे केस मोठी बहीण घरीच कापायची. त्याच पुस्तकात आपल्या चाळीसगावचाही प्रसंग आहे. 1929 साली सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब धुळ्याकडच्या सामाजिक बहिष्काराच्या चौकशीसाठी आले होते. परतताना चाळीसगावच्या लोकांच्या आग्रहाखातर ते तिथे उतरले. स्टेशनवर तासभर ताटकळावे लागले, कारण एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला राजी नव्हता. शेवटी तोडगा निघाला : टांगा भाड्याने मिळेल, हाकायचा मात्र महाराने. टांगा कधी न हाकलेल्या आपल्या माणसाने लगाम हातात घेतला. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष आपण विसरता कामा नये. हलके काम करणारा टांगेवालासुद्धा स्वतःला बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा उंच समजतो. तेवढा मान त्याला धर्माने फुकट दिलेला आहे.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही यालाच श्रेणीबद्ध विषमता म्हणून शिकलो. ही शिडी अशी आहे की मधल्या पायरीवरच्याला वरून लाथ बसते आणि खाली लाथ मारायला पायही मोकळा मिळतो. म्हणून तो शिडी मोडायला सहसा तयार होत नाही. ‘रामनगरी’ ही मधल्या पायरीवरून सांगितलेली गोष्ट आहे. ती वाचताना वर पाहून होणारी लाज आपल्याला लगेच दिसते. खालच्या पायरीवर काय घडत होते ते आपल्याला आपल्या आठवणीतून त्यात घालावे लागते.

दुसरा प्रश्न हसणाऱ्यांचा. प्रेक्षागृहात बसलेला उच्चवर्णीय प्रेक्षक नगरकरांच्या फजितीवर खळखळून हसला. तो जातिव्यवस्थेला हसला की न्हाव्याला? कलावंताने स्वतःवर विनोद केला की प्रेक्षकाचे ओझे उतरते. तो हलका होऊन घरी जातो आणि उद्या पुन्हा तसाच वागतो. आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवा. रंगमंचावर नगरकरांची गोष्ट नगरकरच सांगत होते. हिंदी पडद्यावर ती गेली तेव्हा मुख्य भूमिकेत अमोल पालेकर होते. नट म्हणून पालेकर मोठे आहेत, यात वाद नाही. पण माध्यम जसजसे मोठे होत जाते, तसतसा मूळ माणूस कडेला का सरकतो, हा प्रश्न विचारायलाच हवा.

मग हशाचा दुसरा मार्ग होता का? होता, आणि तो आपला होता. सत्यशोधकी जलसे आणि त्यानंतरचे आंबेडकरी जलसे आठवा. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी गावोगाव जलसे केले आणि 1978 साली त्यांचा इतिहासही पुस्तकरूपाने लिहून ठेवला. तमाशाचा साचा जलशाने घेतला, पण त्यातला देव आणि शृंगार काढून टाकला. सोंगाड्याची बतावणी ठेवली, फक्त तिचे तोंड फिरवले. आधी हसे व्हायचे ते खालच्याचे. जलशात हसे होऊ लागले भटाचे, सावकाराचे आणि जुन्या रूढींना चिकटून बसलेल्या आपल्याच माणसाचे. समोर बसलेले लोक हसत हसत मेलेली ढोरे ओढणे सोडून द्यायचा निश्चय करून उठत. त्या हशाने माणसे हलकी होत नव्हती, जबाबदार होत होती.

पण म्हणून नगरकरांना बाजूला सारावे, असे आम्ही म्हणत नाही. न्हावी समाजाचा इतिहास फक्त नकाराचा नाही. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी ब्राह्मण विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले. ज्या वस्तऱ्याने बाईचे आयुष्य भादरले जात होते तो त्यांनी खाली ठेवला. सत्यशोधक विचाराचा हा केवढा मोठा विजय! हातातले हत्यार तेच, पण एकदा ते महाराच्या डोक्याला लागत नाही म्हणून बाजूला ठेवले गेले आणि एकदा विधवेच्या डोक्याला लावणार नाही म्हणून. पहिल्या नकारामागे मनुस्मृती होती आणि दुसऱ्यामागे जोतीराव. याच समाजातून भाई कोतवाल आले, जे 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर शहीद झाले. बिहारमध्ये मागासवर्गीयांना आरक्षण देणारे कर्पूरी ठाकूरही याच समाजाचे. वस्तरा कुणाच्या विचाराने चालतो, यावर सगळे ठरते.

राम नगरकर या दोन्हींच्या मधे उभे आहेत. त्यांनी वस्तरा खाली ठेवून माईक उचलला आणि लाजेचे रूपांतर गोष्टीत केले. ते काम अर्धे आहे, पण ते अर्धे काम आजच्या अनेक ओबीसी तरुणांनी अजून सुरूही केलेले नाही. 1990 साली मंडल लागू करण्याची घोषणा झाली तेव्हा त्याच्या बाजूने रस्त्यावर कोण उतरले होते? आंबेडकरी तरुण मोठ्या संख्येने होते. ज्यांना त्याचा लाभ मिळणार होता, त्यांतल्या अनेकांना आपण मागास आहोत हे म्हणायचीच लाज वाटत होती. ती लाज जाहीरपणे हसण्यावारी नेणारा माणूस त्यांच्याच घरात होऊन गेला, हे त्यांना सांगायचे काम आपले आहे.

त्या बैठकीत शेवटी काय ठरले? क्लिपचा निषेध करायचा, पण तेवढ्यावर थांबायचे नाही. जयंतीच्या आठवड्यात एक संध्याकाळ डीजे बंद ठेवायचा. जवळच्या नाभिक वस्तीतल्या तरुणांना बोलवायचे. ‘रामनगरी’तला एक भाग त्यांनी वाचायचा आणि चाळीसगावच्या टांग्याचा प्रसंग आपण वाचायचा. त्यानंतर माईक मोकळा ठेवायचा, ज्याला जे बोलायचे ते बोलू द्यायचे.

त्या बाबांना आम्ही पहिल्या रांगेत बसण्याचे आमंत्रण दिले. ते म्हणाले, “येतो. पण हसायला आलं तरच हसेन.”

अट योग्य आहे. मान्य करून कामाला लागू या.

जय जोती! जय भीम!