पडत्या खड्याचा हिशेब

जबलपूरजवळ भेडाघाटाला नर्मदा संगमरवराच्या उंच कड्यांमधून वाहते. त्या कड्यावर पाण्यापासून २० मीटर उंचीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातून एखादा खडा निसटला, तर तो पाण्यावर आदळेपर्यंत २ सेकंदांहून किंचित अधिक काळ जातो. आदळण्याच्या क्षणी त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ २० मीटर झालेला असतो. म्हणजे पडताना दर सेकंदागणिक त्याच्या वेगात सुमारे ९.८ मीटरांची भर पडत गेलेली असते. या भरीलाच पदार्थविज्ञानात गुरुत्वीय त्वरण म्हणतात. उंची मोजावी, काळ मोजावा, उंचीच्या दुपटीला काळाच्या वर्गाने भागावे, की हा आकडा हाती येतो. शास्त्रात इतका साधा प्रयोग क्वचितच सापडेल, आणि इतका फसवाही.

फसवा अशासाठी, की उंची मोजणे सोपे आहे, काळ मोजणे नव्हे. डोळ्यांनी पाहून घड्याळाची कळ दाबण्यात माणसाचा एक-पंचमांश सेकंद सहज जातो. दोन सेकंदांत एवढी चूक म्हणजे दहावा हिस्सा. आणि काळाचा वर्ग करावयाचा असल्यामुळे उत्तरातली चूक पाचव्या हिश्शाच्या घरात जाते. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत म्हणूनच पोलादी गोळी विद्युच्चुंबकाला टांगतात. प्रवाह तोडला की गोळी सुटते आणि घड्याळ आपोआप चालू होते. एक मीटर अंतर कापण्यास गोळीला सुमारे ०.४५२ सेकंद लागतो. येथेही शंभरांश सेकंदाची चूक झाली, तर उत्तर शेकडा चारांहून अधिक चुकते.

वस्तू पृथ्वीकडे ओढली जाते, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणीत पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा निर्देश आहे. परंतु शक्तीचा निर्देश करणे वेगळे आणि तिचे माप घेणे वेगळे. ते माप घेण्याची वाट गॅलिलिओने दाखविली. पडणारी वस्तू काळाच्या मानाने फार चपळ, म्हणून त्याने गोळे उतरत्या पन्हाळीवरून सोडले आणि भांड्यातून ठिबकणारे पाणी तोलून काळ मोजला. १६३८ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर काही वर्षांनी बोलोन्या नगरीतील रिच्चोली नावाच्या जेसुइट पंडिताने तेथल्या आसिनेल्ली मनोऱ्यावरून खरोखरीच गोळे टाकले. काळ मोजावयास त्याच्यापाशी लंबक होता. आणि त्या लंबकाचे झोके दिवसाला किती पडतात हे ठरविण्यासाठी त्याने आपल्या सहकाऱ्यांना अहोरात्र ते मोजावयास बसविले होते.

मात्र जो लंबक पडत्या गोळ्याचा काळ मोजण्यासाठी आणला, त्यानेच पुढे त्या गोळ्याला बाजूस सारले. लंबकाचा झोका हेही एक पडणेच आहे. दोरीने बांधलेले, पुनःपुन्हा होणारे. एका झोक्यात झालेली चूक हजार झोक्यांत वाटली की ती नगण्य होते. हायगेन्सने लंबकाची लांबी आणि झोक्याचा काळ यांवरून गुरुत्वीय त्वरण काढले, तेव्हापासून सुमारे तीन शतके हे माप लंबकाच्याच हाती राहिले. १६७२ साली रिशे हा फ्रेंच ज्योतिषी दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे गेला, तेव्हा त्याचे पॅरिसला बरोबर चालणारे घड्याळ तेथे दिवसाला अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळ तेच होते. ठिकाण बदलले होते. विषुववृत्ताजवळ पृथ्वीची ओढ कमी भरते, हे असे प्रथम उघड झाले.

म्हणून ९.८ हा सोयीचा आकडा आहे, सर्व ठिकाणांचा नव्हे. विषुववृत्तावर तो ९.७८० असतो, ध्रुवांवर ९.८३२. जबलपूर २३ अंशांच्या किंचित वर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर आहे. अक्षांश आणि उंची यांचा हिशेब केला, तर तेथील त्वरण ९.७८७ च्या आसपास येते. पॅरिसचे लंबकाचे घड्याळ जबलपुरास आणले, तर ते दिवसाला सुमारे दीड मिनिट मागे पडेल. पण हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्ष मोजलेला आकडा त्याहून थोडा जास्त किंवा कमी भरला, तर? ती तफावत पायाखालच्या खडकांची असते. हे हिंदुस्थानात कसे कळले, त्याची कथा मोठी आहे.

१८१७ च्या अखेरीस जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांच्या हाती गेले. १८१८ च्या आरंभी हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला ते नाव मिळाले. त्याचा प्रमुख लॅम्बटन दक्षिणेकडून मोजणी करीत वर सरकत होता. २० जानेवारी १८२३ रोजी वर्ध्याजवळ हिंगणघाट येथे तो वारला, आणि काम एव्हरेस्टकडे आले. एव्हरेस्टने सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि उत्तरेकडील कलियाना यांमधले अंतर दोन रीतींनी काढले : जमिनीवर त्रिकोण मांडून, आणि ताऱ्यांवरून अक्षांश ठरवून. दोहोंत ५.२३६ विकलांचा फरक आला; जमिनीवर तो ५०० फुटांहून अधिक भरतो. कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी याचे कारण हिमालयात शोधले. पर्वताचे वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे खेचते, म्हणून अक्षांश चुकतात. पण गणित केले तेव्हा हिमालयाने ओळंबा १५.८८५ विकलांनी ढळावयास हवा होता. प्रत्यक्षात तो एक-तृतीयांशच ढळलेला दिसला. १८५५ साली एअरीने उत्तर सुचविले : पर्वताखाली हलक्या खडकांची मुळे खोलवर गेलेली असावीत, आणि वरच्या भाराची भरपाई ती करीत असावीत.

अनुमान तपासावयाचे, तर ठिकठिकाणी गुरुत्व मोजले पाहिजे. १८६५ साली कॅप्टन बासेव्ही याने रॉयल सोसायटीकडून आणलेले दोन लंबक घेऊन हे काम आरंभिले. हवेचा अडथळा नको म्हणून लंबक निर्वात पात्रात झुलवावयाचे, आणि त्यांचे झोके घड्याळाशी ताडून पाहावयाचे. असे कन्याकुमारीच्या परिसरापासून हिमालयापर्यंत. १८७१ च्या जुलैत लडाखमधील मोरे पठारावर, १५,००० फुटांहून अधिक उंचीवर निरीक्षणे चालू असतानाच बासेव्हीचा अंत झाला. उरलेले काम हेविसाइडने पुरे केले. निष्कर्ष निघाला तो असा, की समुद्रकाठी गुरुत्व अपेक्षेहून अधिक, आणि पर्वतावर अपेक्षेहून कमी. जेथे प्रचंड डोंगर उभा आहे, नेमके तेथेच लंबक संथ झुलला होता. एअरीच्या मुळांना हा भक्कम आधार होता.

पुढे १९०१ साली बरार्डने ओळंब्यांच्या कलावरून असे मत मांडले, की हिमालयाला समांतर अशी जड खडकांची एक गुप्त रांग मध्य हिंदुस्थानाखालून गेली असावी. जबलपूर वसले आहे ते याच पट्ट्यात. नर्मदा-शोणच्या खोऱ्यांलगत गुरुत्व अधिक भरते, हे पुढील मोजण्यांत दिसून आले, आणि खोल कवचात घन खडक शिरले असल्याचे अनुमान अनेक अभ्यासकांनी केले. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर ५.८ तीव्रतेच्या भूकंपाने हादरले, चाळीसच्या सुमारास माणसे दगावली. आणि त्या भूकंपाचा उगम सुमारे ३५ किलोमीटर खोल, कवचाच्या तळाशी होता. दक्षिणेच्या स्थिर मानल्या गेलेल्या भूमीत इतक्या खोलीवरचा भूकंप विरळाच. गुरुत्वाच्या मोजणीने भूकंपाचा दिवस सांगता येत नाही. पण खाली कोठे जड खडक दबले आहेत, कोठे जुन्या भेगा आहेत, हे ती सांगते. आणि घरे कोठे व कशी बांधावीत या विचाराला तिचा आधार मिळतो. फरक असतो तो दहा लाखांत काही भागांचा.

इतका सूक्ष्म फरक मोजण्यासाठी शास्त्र शेवटी परत आले ते पडत्या वस्तूकडेच. १९४६ च्या सुमारास फ्रान्समधील सेव्हर येथे व्होलेने पडणाऱ्या मोजपट्टीची छायाचित्रे घेऊन त्वरण काढले. १९६० नंतर लेसर किरणांच्या साहाय्याने निर्वातात पडणाऱ्या आरशाची जागा क्षणोक्षणी टिपता येऊ लागली, आणि अब्जांत दोन-चार भागांपर्यंतची अचूकता साधली. लंबकाने तीनशे वर्षे बाजूस ठेवलेला गॅलिलिओचा प्रयोग असा पुन्हा आसनावर बसला.

जबलपुरात मदनमहालच्या टेकडीवर एक भलामोठा खडक दुसऱ्या खडकावर जेमतेम टेकून उभा आहे. १९९७ च्या हादऱ्यातही तो ढळला नाही. त्याच्या भाराचा ओळंबा तळाच्या त्या चिंचोळ्या आधारातूनच खाली जातो, म्हणून तो तोललेला आहे. त्याला पाहावयास आलेल्या मुलाच्या हातून खडा पडतो, तेव्हा त्या खड्यालाही तीच ओढ खाली नेते. शाळेत परतल्यावर त्या मुलाने ९.८ हा आकडा जरूर पाठ करावा. पण आपल्या गावाचा आकडा ९.७८७ च्या जवळ आहे, आणि त्यापुढचे अंक पायाखालच्या खडकांनी लिहिले आहेत, हेही त्याच्या कानी पडावे.